शिक्का नसलेला कागद बाहेर गेला, तर?

तालुक्याच्या महसूल कार्यालयातून बाहेर जाणारी सगळ्यात महागडी माहिती दोन शब्दांची असते : "गाडी निघाली." ना कागद, ना जावक क्रमांक, ना 'गोपनीय'चा शिक्का. ही खबर वाळूचोरांपर्यंत जाते, आणि तहसीलचं भरारी पथक सातारा-सांगलीकडच्या येरळा किंवा माणगंगा नदीच्या पात्रात पोहोचतं तेव्हा टायरच्या ओल्या खुणा असतात, चाळलेल्या वाळूचा ढीग असतो, पण ट्रॅक्टर आणि जेसीबी गायब. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, ४८(८) खाली वाहन जप्त करता येतं. पण हाती वाहनच लागलं नाही तर ही कलमं पुस्तकातच राहतात.

दुसरी गळती कागदाची. रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेतल्या, म्हणजे एम.बी.तल्या, एका पानाचा फोटो पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. पानावर लिहिलेलं असतं : लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर, एकूण ४५ घनमीटर काँक्रीट. गावातलं कुणीतरी रस्त्याची कड खरवडून टेप लावतं आणि जाडी १० सेंटिमीटर भरते. म्हणजे काँक्रीट पडलंय ३० घनमीटर, बिल निघालंय ४५ चं. फोटोच्या कोपऱ्यात पुस्तिकेचा क्रमांक आणि धरणाऱ्याचा अंगठा दिसतो, त्यावरून कार्यालय कळतं, मग टेबल कळतं, आणि तिसऱ्या दिवशी लिपिकाच्या हातात नोटीस पडते.

पहिल्या गळतीत सहसा कुणाला काही होत नाही. दुसरीत होतं. बिनशिक्क्याची माहिती फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी की नाही, हा वाद इथून सुरू व्हायला हवा. कारवाई व्हावी, पण कागद दाराबाहेर गेला एवढ्यावर नको. त्यानं कुणाचं काय बिघडलं किंवा कुणी काय कमावलं हे दाखवता आलं, तर खुशाल व्हावी.

आधी शिक्क्याचं बघू, कारण कार्यालयांत त्याबद्दल भलतेच समज आहेत. अभिलेख कक्षातली अ, ब, क, ड ही वर्गवारी कागद किती वर्षं जपायचा याची आहे; 'अ' म्हणजे कायम. तिचा गुप्ततेशी काडीचा संबंध नाही. तरीही "तो अ वर्गातला कागद आहे, देता येत नाही" हे उत्तर ऐकू येतं. गुप्ततेच्या पायऱ्या वेगळ्या : अतिगुप्त, गुप्त, गोपनीय, प्रतिबंधित. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या बहुतेक फायलींवर यातलं काहीच नसतं. जमिनीची प्रकरणं, बिलं, अंदाजपत्रकं, हजेरीपट, पंचनामे हे सगळे साधे कागद.

साध्या कागदासाठी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ ची धमकी देणारे साहेब अजून भेटतात. या कायद्यात 'गुपित' म्हणजे काय याची व्याख्याच नाही. त्याचं कलम ५ हे इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यातल्या कलम २ चं भावंड. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. इंग्लंडनं ते सरसकट कलम १९८९ मध्ये काढून टाकलं आणि ठरावीक विषयांपुरतं आवरलं. आपल्याकडे १९२३ चं तसंच चालू आहे. २००६ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं हा कायदा रद्द करा असं सुचवलं, तेही कागदावरच राहिलं. मात्र कलम १३ सांगतं की सरकारच्या आदेशानं किंवा अधिकारानं दाखल झालेल्या तक्रारीशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. म्हणजे गटविकास अधिकाऱ्याच्या दालनातली ती धमकी पोकळ असते.

न्यायालयांनीही नुसत्या शिक्क्याला फार किंमत दिलेली नाही. निर्गुंतवणुकीबाबतची मंत्रिमंडळाची टिपणी छापल्याबद्दल पत्रकार शंतनू सैकिया यांच्यावर खटला झाला. २००९ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं, कारण कागदावर 'गुप्त' लिहिलं म्हणून तो या कायद्याखाली येत नाही. पत्रकार इफ्तिखार गिलानी २००२-०३ मध्ये सुमारे सात महिने तुरुंगात होते, आणि त्यांच्याकडे सापडलेली माहिती इंटरनेटवर उघड उपलब्ध होती. राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं, फुटलेली कागदपत्रं बघूच नका हा केंद्राचा आक्षेप फेटाळला.

मग लिपिकाला नोटीस निघते कशाखाली? वर्तणूक नियमांखाली. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम लागू. दोन्हींचा सूर एकच : अधिकार नसताना शासकीय कागद किंवा माहिती कुणालाही देऊ नये. इथं 'गोपनीय' असण्याची अटच नाही. अक्षरशः वाचलं तर पर्जन्यमापकाचा आजचा आकडा मेहुण्याला सांगणंही भंगच ठरेल. जुलै २०२५ च्या समाजमाध्यमांविषयीच्या शासन निर्णयानं हेच व्हॉट्सॲप आणि फेसबुकपर्यंत नेलं.

याच्या बरोबर उलट्या दिशेला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उभा आहे. कलम २२ नुसार तो शासकीय गुपिते कायद्यावर मात करतो. कलम २(ञ) नुसार नागरिकाला काम पाहता येतं, टिपणं काढता येतात, प्रमाणित नमुनासुद्धा घेता येतो. एम.बी.चं ते पान १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पचा अर्ज आणि पानाला २ रुपये भरून मिळतं. ज्या पानाची सरकारी किंमत २ रुपये, त्याच्या फोटोसाठी वेतनवाढ रोखायची, ही तफावत कुणालाच खटकत नाही याचं नवल वाटतं.

पण एक गोष्ट कर्मचारी संघटनांनीही नीट समजून घ्यायला हवी. माहिती अधिकारानं हक्क दिला तो नागरिकाला, आणि देण्याचं कर्तव्य टाकलं जन माहिती अधिकाऱ्यावर. लिपिकानं परस्पर फोटो काढून पाठवावा अशी मुभा त्यात कुठंही नाही. कलम २१ मधलं सद्भावनेचं संरक्षण या कायद्याखाली केलेल्या कृतीला आहे. ग्रुपवर टाकलेला फोटो त्यात बसवणं अवघड. आणि जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा २०१४ चा केंद्रीय कायदा मंजूर होऊन राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अमलातच आणला गेला नाही. थोडक्यात, जिल्हा परिषदेतला बांधकामचा लिपिक आज उघड्यावर आहे.

म्हणून कसोटी बदलायची. फुटलेल्या कागदाबद्दल पहिला प्रश्न असा : हाच कागद उद्या कुणी माहिती अधिकारात मागितला असता, तर द्यावा लागला असता का? लागला असता, तर समज देऊन विषय संपवावा. फार तर ठपका. लागला नसता, तर माहिती अधिकाराच्या कलम ८(१) मधल्या, म्हणजे माहिती नाकारता येते त्या अपवादांतल्या, कुठल्या खंडामुळे, ते नोटिशीत अक्षरासकट लिहावं. आणि त्यानंतरच हानी किंवा फायदा किती याचा हिशोब.

काही ठिकाणी ही कसोटी लगेच निकाल देते. रुग्णांच्या नावांची यादी बाहेर गेली, तर ८(१)(ञ), खाजगी माहिती. करोनाच्या पहिल्या महिन्यांत अशा याद्या घराच्या पत्त्यांसकट फिरल्या आणि माणसांना गल्लीत तोंड दाखवणं नकोसं झालं. इथं कठोर शिक्षा हवीच. फक्त लक्षात असू द्या की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं (ञ) चा मजकूर इतका आखूड केला आहे की आता कुठल्याही कागदावर एखादं नाव दिसलं की तो खाजगी म्हणून झाकता येईल. एम.बी.वर शाखा अभियंत्याची सही असते, म्हणून काय तीही खाजगी? अशा वेळी हाताशी उरतं ते ८(२), म्हणजे लोकहित हानीपेक्षा मोठं आहे हे दाखवणं.

रस्त्याच्या रेखांकनाचं प्रकरण जास्त खोल आहे आणि आपल्या भागात ते रोजचं आहे. पुणे–बंगळूर द्रुतगती महामार्ग असो की शक्तिपीठ, कुठल्या गटातून रेषा जाणार याचा कच्चा नकाशा अधिसूचनेच्या कितीतरी आधी सल्लागार कंपनी, मोजणी खातं आणि भूसंपादन शाखा अशा तीन टेबलांवर असतो. त्यावर शिक्का नसतो. तो फुटला की काय होतं? भूसंपादन कायदा, २०१३ च्या कलम २६ नुसार दर काढताना आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं बघतात, आणि त्यातल्या सर्वांत चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. ज्याच्या हातात गट नंबर आधी आले तो दोन गोष्टी करतो. एक, शेतकऱ्याकडून जमीन शेतीच्या भावानं घेऊन ठेवतो. दोन, एखादा तुकडा अकृषिक करून एक-दोन गुंठ्यांची चढ्या भावाची खतं आपसात करतो, म्हणजे सरासरी वर जाते. पैसा सरकारचा जातो आणि ज्यानं आधीच विकली त्या शेतकऱ्याचा तर जन्माचा जातो.

ही गळती पकडण्यासाठी मोबाईल तपासायची गरज नसते. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, गावनिहाय काढा. अधिसूचनेच्या आधीचे १२ महिने आणि त्याआधीचे २४ महिने शेजारी शेजारी ठेवा. ज्या गावात वर्षाला चार-दोन खतं होतात तिथं रेषेवरच्याच गटांत अचानक गर्दी झाली असेल आणि घेणाऱ्यांची नावं फिरून फिरून तीच येत असतील, तर नकाशा कुठल्या आठवड्यात फुटला हे जवळजवळ तारखेनिशी सांगता येतं. मग त्या आठवड्यात नकाशा कुणाच्या टेबलावर होता एवढंच शोधायचं. ई-ऑफिसमध्ये फाईल कुठल्या लॉगिनकडून कुठं गेली ते हालचालीत दिसतं. आणि बदल्यात काही घेतलं असेल तर ती निव्वळ शिस्तीची बाब राहत नाही : लाचलुचपत प्रतिबंधक कायदा, १९८८, कलम ७, तीन ते सात वर्षं.

गंमत अशी की हाच कच्चा नकाशा बाधित शेतकऱ्यांच्या हाती पडला तर तेच कार्यालय त्याला गळती म्हणतं आणि पोलिसांत जायची भाषा करतं. कागद तोच, पण एका हातात गेला तर धंदा होतो, दुसऱ्या हातात गेला तर वेळेवर हरकत घेता येते. शिक्षेचं माप हा फरक धरून ठरायला हवं. सगळ्या गावांना एकाच दिवशी, एकाच वेळी नकाशा दाखवला तर फोडण्यासारखं काही उरतच नाही, हे वेगळंच.

निविदांबाबत थोडक्यात : ई-निविदेत दर उघडेपर्यंत कुलूपबंद असतात, अंदाजपत्रकाची रक्कम बहुधा जाहिरातीतच असते. खरी फुटते ती स्पर्धकांची नावं. काही निविदांत जागा पाहिल्याचा दाखला जोडावा लागतो आणि तो देणाऱ्या उपविभागाला कोण कोण भरणार ते आधीच कळतं. ती अटच काढून टाका.

कोयनेच्या विसर्गाचा आकडा मात्र गळती मानूच नये. पावसाळ्यात पाटणपासून सांगलीपर्यंत सगळ्यांचे डोळे त्यावर असतात. यात चूक होते ती आकडा फुटल्यानं नाही, अर्धवट फुटल्यानं. पायथा वीजगृहाच्या दोन्ही युनिटमधून सोडलेलं पाणी २,१०० क्युसेक असतं. सहा वक्र दरवाजे उचलले की आकडा कितीतरी पटींनी वाढतो. ग्रुपवर नुसतं "कोयनेतून पाणी सोडलं" एवढंच येतं, दरवाजे की पायथा ते नाही, वेळ नाही, तारीख नाही. मग कालचा निरोप आज फिरतो आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीच्या बरंच खाली असतानाही नदीकाठच्या गल्ल्यांत सामान माळ्यावर चढतं. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकर असे निरोप हसण्यावारी नेत नाहीत. अशा वेळी शाखा अभियंत्याला नोटीस देण्यापेक्षा वेळ, स्रोत आणि क्युसेक असे तीन रकाने भरल्याशिवाय निरोप जाणारच नाही अशी सवय लावलेली बरी.

परदेशातलं एक उदाहरण या विषयावर इतकं नेमकं बसतं की सांगायलाच हवं. अमेरिकेत रॉबर्ट मॅक्लीन हा विमानात साध्या वेशात बसणारा सुरक्षा अधिकारी होता. जुलै २००३ मध्ये त्याच्या साध्या मोबाईलवर निरोप आला : मुक्काम करावा लागेल अशा फेऱ्या रद्द. कारण हॉटेलचा खर्च वाचवायचा होता, आणि त्याच सुमारास विमान अपहरणाचा इशाराही होता. निरोपावर गुप्ततेची कुठलीही खूण नव्हती. वरिष्ठांनी दाद दिली नाही, म्हणून त्यानं पत्रकाराला सांगितलं. निर्णय लगेच फिरवला गेला. २००६ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं, आणि तो निरोप 'संवेदनशील' होता असं अधिकृतपणे ठरवलं तेही नंतर. २१ जानेवारी २०१५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ अशा मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. मुद्दा तांत्रिक होता पण मोलाचा : ती माहिती देण्यास संसदेच्या कायद्यानं मनाई नव्हती, खात्यानं केलेल्या नियमानं होती, आणि जागल्याचं संरक्षण खात्याच्या नियमानं काढून घेता येत नाही. आपल्याकडे वर्तणूक नियम हे नेमके असेच, सरकारनं स्वतःसाठी केलेले नियम आहेत. फरक एवढाच की त्यांच्यावर मात करणारं जागल्याचं संरक्षणच चालू नाही.

आता प्रत्यक्ष नोटीस. तिचा साचा ठरलेला : "आपण कार्यालयीन गोपनीय माहिती त्रयस्थ व्यक्तीस पुरवून शासनाची प्रतिमा मलिन केली आहे. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल." यात कागदाचं नाव नाही, तारीख नाही, नियम नाही, आणि 'प्रतिमा मलिन' हा शब्द कलम ८ मध्ये तर शोधूनही सापडणार नाही. अशी नोटीस पुढं दोषारोपपत्रात तशीच उतरवली जाते आणि तिथं प्रकरण ढिलं पडतं. जोडपत्र १ मध्ये दोषारोप, २ मध्ये त्याचा तपशील, ३ मध्ये कागदपत्रांची यादी, ४ मध्ये साक्षीदार. जोडपत्र ३ मध्ये फुटलेला मूळ कागदच नसतो, कारण तो लावला तर त्यातला मजकूर चौकशीच्या नोंदीवर येतो. ज्यांना खरंच कारवाई करायची आहे त्यांनी ही लाज सोडावी.

बहुतेक वेळा एवढंही होत नाही. मिरजेहून जतला किंवा कराडहून पाटणच्या डोंगरात बदली होते. बदली ही १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम ५ खालची शिक्षा नाही, त्यामुळं चौकशी नाही, म्हणणं मांडायची संधी नाही. मुदतीआधीची बदली असेल तर २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातल्या कलम ४(५) प्रमाणे खास कारणं लेखी लागतात. ती मागून घ्यावीत. 'प्रशासकीय कारणास्तव' हे कारण नव्हे. निलंबन झालं तर ९० दिवसांत दोषारोपपत्र द्यावं, असं ९ जुलै २०१९ चा शासन निर्णय सांगतो.

वाळूच्या पथकाकडे परत येऊ, कारण शिक्षेची खरी गरज तिथं आहे आणि पुरावा मात्र तिथंच नाही. कॉलचे तपशील खात्याला मिळत नाहीत, ते पोलीस तपासातच निघतात. शिवाय सगळीच खबर आतून जात नाही. तहसीलसमोरच्या टपरीवर मोटारसायकल टेकवून बसलेल्या पोराला सरकारी गाडीचा नंबर पाठ असतो. त्यामुळं आधी टपरी वगळायची : भाड्याची गाडी, दुसऱ्या दारातून, वेळ रोज वेगळी. तरीही पात्र रिकामंच मिळत असेल तर खबर आतलीच. मग ठिकाण गाडी सुटल्यावरच सांगायचं, आणि आधी कुणाला सांगावंच लागलं तर दोघांना दोन वेगळी गावं सांगायची. ज्या गावचं पात्र रिकामं झालं, ते नाव ज्याच्या कानावर होतं तोच. असं एकदा झालं तर तो योगायोग, तीनदा झालं तर विभागीय चौकशीत पुरे, कारण तिथं फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. मात्र प्रत्येक वेळची नोंद त्याच दिवशी, तारीख-वेळेसह आणि सहीनिशी करून ठेवलेली हवी. गाडीचं लॉगबुक महिनाअखेरीस एका बैठकीत भरायची पद्धत असेल तर त्यावर विसंबूच नका.

आणि ज्याला नोटीस आली आहे त्याच्यासाठी. तीन दिवसांच्या घाईत "नजरचुकीने पाठविले गेले, माफी असावी" असं लिहून देऊ नका. तो कबुलीजबाब म्हणून वापरला जातो. पहिल्या पत्रात फक्त मागायचं : कुठला कागद, त्याचं वर्गीकरण कुणी आणि कधी केलं, कुठला नियम भंगला, आणि कलम ८(१) चा कुठला खंड लागू. त्याच दिवशी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचे माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली स्वतःहून जाहीर करायचे १७ मुद्दे शेवटचे कधी अद्ययावत केले ते बघून त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा. जमलं तर येणाऱ्या सोमवारी दुपारी ३ ते ५ या अभिलेख पाहणीच्या वेळेत एखाद्या नागरिकानं तोच कागद बघायला मागावा. दाखवला तर गोपनीयतेचा मुद्दा तिथंच संपतो. राज्य शासनाचे कर्मचारी असाल तर पुढची दाद मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठाकडे. जिल्हा परिषदेचे असाल तर मॅट नाही. अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, आणि त्यापुढं उच्च न्यायालय, जे सातारा-सांगलीसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर आहे. खुलाशाची स्थळप्रत आवक शिक्का आणि तारखेसह स्वतःकडे घ्यायची. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवायची.